जड लेन्स हातात धरून की ट्रायपॉडवर? कोल्हापूर परिसरात फोटो काढणाऱ्यांनी अनुभव सांगावेत

पायवाट
मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. माझ्याकडे निकॉन डी५०० आणि २००-५०० एफ ५.६ लेन्स आहे. लेन्स कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासकट) २३०० ग्रॅम, बॉडी बॅटरीसह ८६० ग्रॅम. म्हणजे नुसतं हातात धरायचं वजनच तीन किलोंच्या वर. ट्रायपॉड अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्यावर जिंबल हेड (जड लेन्स तोलून मोकळी फिरवू देणारं). ते दोन्ही मिळून आणखी साडेतीन-चार किलो. शिवाय पाणी, डबा आणि एक वाइड लेन्स. पन्हाळ्यावर गाडी वरपर्यंत जाते, तिथं अडत नाही. पण पन्हाळ्याहून मसाई पठाराच्या वाटेला लागलं, किंवा राधानगरीकडं जंगलात थोडं चालायचं म्हटलं, की खांदा बोलायला लागतो.

माझा कल आधीच सांगते. ट्रायपॉडवर काढलेल्या फोटोंत माझा विचार जास्त उतरतो. चौकट लावून होते, कडा तपासून होतात, क्षितिज सरळ होतं आणि मग मी प्रकाशाची वाट बघत उभी राहते. हातातून काढलेल्या फोटोंत जीव जास्त असतो. मला दोन्ही सोडवत नाहीत.

आता पैसे साठलेत ते एकाच गोष्टीपुरते. चांगला कार्बन फायबरचा ट्रायपॉड घ्यावा, की ही लेन्स विकून, वर भर घालून ५०० एफ ५.६ पीएफ वापरलेली मिळाली तर घ्यावी? ती १४६० ग्रॅमची आहे. मी काढते ते असं: रंकाळा-कळंब्याचे पक्षी, दाजीपूरचे गवे, पन्हाळ्यावरची सकाळ, आणि चैत्रात जोतिबाची यात्रा. यातल्या कशाला तुम्ही काय वापरता, ते सविस्तर सांगा.

खंड्या
ताई, पक्ष्यांपुरतं बोलतो. हातातच.

कळंब्यावर कापशी घार एका जागी पंख मारत हवेत थांबते आणि अचानक खाली सुटते. ती डोक्यावर आली की ट्रायपॉडवाला माणूस कॅमेऱ्याखाली वाकून वाकून दमतो, तोवर ती गवतात उतरलेली असते. शिवाय उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंदाच्या आसपास शटर ठेवावंच लागतं, नाहीतर पंखांची टोकं पुसली जातात. त्या शटरला तुमच्या हाताचा कंप फोटोत जवळजवळ उतरतच नाही. मग ट्रायपॉडनं धारेत काय भर पडणार?

बसलेल्या पक्ष्याला जुना नियम आहेच, शटर फोकल लेंग्थच्या उलट, म्हणजे ५०० मिलिमीटरला १/५००. डी५०० क्रॉप (लहान) सेन्सरचा, म्हणून ५०० गुणिले १.५, ७५० झाले. १/८०० धरा. व्हीआर (लेन्समधली कंप थोपवणारी यंत्रणा) चालू असेल तर यापेक्षा बरंच खाली जाता येतं.

आता धरण्याबद्दल, कारण इथंच बहुतेकांचं बिनसतं. कॉलर फिरवून तिचा पाय वरच्या बाजूला न्या, म्हणजे डावा तळवा लेन्सच्या पोटाखाली सपाट बसतो. हात जितका पुढं नेता येईल तितका न्या. दोन्ही कोपर बरगड्यांना टेकलेले. पाय आखाड्यात पैलवान उभा राहतो तसे, एक पुढं, एक मागं, गुडघ्यात थोडी ढिलाई. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि बटण दाबायचं नाही, त्यावर बोटाचा भार वाढवत न्यायचा. तीन-चार फ्रेमचा बर्स्ट घ्या. पहिल्या फ्रेममध्ये बोटाचा धक्का असतो, मधली बहुतेक वेळा धारदार निघते.

आणि कॅमेरा सतत डोळ्याला लावून बसू नका. पक्षी काय करतोय ते उघड्या डोळ्यांनी बघा, हालचाल ओळखा, मगच उचला. दमलेला हात थरथरतो, आणि ती थरथर व्हीआरच्याही आवाक्याबाहेर जाते.

तांबडा पांढरा
जोतिबाच्या यात्रेत ट्रायपॉड? भावांनो, भैनींनो, नका नेऊ. सासनकाठ्या नाचत येतात तेव्हा काठी सांभाळणाऱ्यांचं सगळं लक्ष वर असतं. खाली कुणाचा स्टँड उभा आहे हे त्यांना दिसत नाही. पाय अडकला तर काठी सगळ्यांच्या अंगावर. फोटोपेक्षा ते लई महत्त्वाचं.

दुसरं, गुलाल. पायांच्या जोडात, पिळायच्या कुलपात शिरला की पाय धड बाहेर येत नाही, धड आत जात नाही. लेन्सचंही तेच. तुमची २००-५०० झूम करताना लांब होते. बाहेर आलेली नळी आत जाताना वरची धूळ घेऊनच जाते. यात्रेला ती आणूच नका. २४-७० किंवा ३५ लावा, प्लॅस्टिकचं कव्हर घाला, कडा टेपनं बंद करा, आणि लेन्स बदलायची ती खाली आल्यावर गाडीत बसून. गुलाल हवेत गोठवायचा तर १/८००, आणि तो ढगासारखा पसरलेला हवा असेल तर १/६० लाही मजा येते.

दाजीपूरकर
हात आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट आहे, तिचं नाव अजून कुणी घेतलं नाही. बीन बॅग.

दाजीपुरात आपण गाडीतून बघतो. गाडीत ट्रायपॉडचे पाय पसरायला जागा नसते, आणि जंगलात खाली उतरायचं नसतं. अशा वेळी खिडकीच्या कडेवर बीन बॅग टाकायची आणि लेन्स तिच्यात रुतवायची. तीन किलोंचं वजन असल्यामुळंच ती घट्ट बसते. हलकी लेन्स उलट उडते. इंजिन बंद करायला सांगा, हे सर्वांत महत्त्वाचं. चालू इंजिनाची थरथर दारातून थेट लेन्समध्ये येते. गाडीतल्या बाकीच्यांनाही दोन मिनिटं न हलण्याची विनंती करा.

गव्याचं गणित पक्ष्यापेक्षा वेगळं आहे. तो संध्याकाळी सड्यावर नाहीतर रानाच्या कडेला येतो तेव्हा उजेड उतरलेला असतो. झाडीच्या सावलीत एफ ५.६ ला आयएसओ ६४०० करूनसुद्धा १/१२५ मिळालं तरी नशीब. पण गवा चरताना शांत असतो. मान वर करून तुमच्याकडं रोखून बघतो तेव्हा तर दगडासारखा स्थिर. त्या क्षणी आधार असेल तर १/१२५ पुरतं, १/६० लाही फोटो निघतो. हातात धरून १/६० ला ५०० वर प्रयत्न करून बघा, व्हीआर असूनही पाचातला एखादा हाती लागेल.

अजून एक. गवा काळा असतो आणि मीटर त्याला करडा करायला बघतो. पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी करा. त्यानं शटरही तेवढं वर जातं, म्हणजे दुहेरी फायदा.

पायवाट
बीन बॅगचं खरंच लक्षात आलं नव्हतं. आभार!

व्हीआरबद्दल विचारायचं होतं. या लेन्सला कंपनी ४.५ स्टॉप सांगते. म्हणजे हिशेबानं १/७५० चं १/३३ पर्यंत खाली येतं का? प्रत्यक्षात तेवढं पदरात पडत नाही असं वाटतं. आणि ट्रायपॉडवर व्हीआर बंद करायचं की चालू ठेवायचं, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कृष्णधवल
फिल्मच्या काळापासून ट्रायपॉड वाहतो आहे, त्यामुळं सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

आधी व्हीआर. साडेचार स्टॉपचा आकडा ठरावीक पद्धतीनं, ठरावीक कंप देणाऱ्या यंत्रावर कॅमेरा ठेवून मोजतात. तुमचा हात ते यंत्र नव्हे. घाटातून चढून आलेला, धाप लागलेला माणूस आणि सकाळी चहा पिऊन बसलेला माणूस यांचा कंप सारखा नसतो. तीन स्टॉप हमखास धरा, वरचं मिळालं तर घ्या. आणि व्हीआर फक्त तुमचा हात थांबवतं. समोरच्या पक्ष्यानं मान वळवली तर १/३३ ला ती पुसलेलीच येणार, मग लेन्स हातात असो की काँक्रीटमध्ये रोवलेली असो.

ट्रायपॉडवर: घट्ट आवळलेल्या हेडवर, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट लावून काढत असाल तर बंद करा. जुन्या यंत्रणा कंप नसतानाही कंप शोधत बसतात आणि स्वतःच चित्र हलवतात. नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात. पण जिंबलवर, हेड सैल ठेवून हात लावून काढताना चालूच ठेवा, कारण तेव्हा कॅमेरा मोकळाच असतो.

आता खंड्या म्हणतात त्याबद्दल. १/२००० मिळण्याइतका उजेड असेल तर त्यांचं शंभर टक्के खरं. पण ५०० मिलिमीटरवर, क्रॉप सेन्सरवर तुमच्या चौकटीत आडवं किती येतं? साधारण २.७ अंश. एवढ्याशा पट्टीवर डी५०० चे ५५६८ पिक्सेल पसरलेले आहेत, म्हणजे एका अंशाला दोन हजारांवर पिक्सेल. अंशाचा हजारावा भाग हललात तरी दोन पिक्सेल सरकले. म्हणून लांब लेन्सवर आधाराची किंमत वाइड लेन्सपेक्षा कितीतरी पट जास्त.

तुमचा डी५०० आरशाचा कॅमेरा आहे. आरसा वर आपटतो त्याचा धक्का सर्वांत जास्त जाणवतो तो साधारण १/३० ते अर्ध्या सेकंदाच्या पट्ट्यात. त्याहून वेगवान शटरला तो धक्का उमटायच्या आत शटर मिटतं, आणि पाच-दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तो पातळ होऊन जातो. त्या मधल्या पट्ट्यात असाल तर मिरर-अप (आरसा आधीच वर उचलून ठेवायची सोय) वापरा, नुसता ट्रायपॉड पुरेसा नाही.

पन्हाळ्याचा वारा माहीत असलेल्यांसाठी: मधला दांडा वर काढू नका. तो काढला की तीन पायांच्या स्टँडचा एका पायाचा स्टँड होतो. उंची हवी तर आधी जाड पाय उघडा, सर्वांत बारीक भाग शेवटी. एक पाय लेन्सच्या दिशेनं पुढं हवा, म्हणजे जड लेन्सचं वजन त्याच्यावर येतं. उतारावर दोन पाय उताराच्या बाजूला, एक चढाच्या. दांड्याच्या हुकाला बॅग अडकवायची तर ती जमिनीला जराशी टेकू द्या. लोंबकळणारी बॅग वाऱ्यात झुलते आणि स्टँडलाही झुलवते. लेन्सचं हूड मोठं असतं, जोराच्या वाऱ्यात त्याचं शीड होतं. तेव्हा ते काढून ठेवा.

निशिगंध
मी वेगळ्या बाजूनं लिहिते. माझा खांदा आखडला होता, फ्रोझन शोल्डर. त्यातून बाहेर आल्यावर डॉक्टरांनी हात खांद्याच्या वर उचलून वजन धरायला मनाई केली. जड लेन्स कायमची सुटणार असंच वाटलं होतं, फार वाईट दिवस होते ते. मोनोपॉडनं मला पक्षी परत दिले.

मोनोपॉडला लोक अर्धा ट्रायपॉड समजतात. ते तसं नाही. मोनोपॉड वजन घेतो, स्थिरता तुमची तुम्ही देता. तीन किलो जमिनीवर गेले की उरतो फक्त डावा-उजवा डोल. तो कमी करायला मी दांडा डाव्या मांडीला टेकवून धरते आणि उजवा पाय मागं नेते. वर-खाली बघता यावं म्हणून त्यावर फक्त पुढं-मागं झुकणारं टिल्ट हेड लावा. बॉल हेड लावू नका, जड लेन्स एका बाजूला कलंडते आणि बोटं चेमटतात. लेन्स कॉलर सैल ठेवली की आडवं-उभं करायला एक बोट पुरतं.

रंकाळ्याच्या काठावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. तिथं ट्रायपॉड लावला की लोक वळसा घालून जातात किंवा अडखळतात, मलाच ओशाळं होतं. मोनोपॉड माझ्या पायाजवळ उभा असतो, कुणाच्या वाटेत येत नाही. वारकरी पक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या काठाच्या वनस्पतींत असतात तेव्हा मी खाली बसते आणि मोनोपॉड आखूड करते. डोळ्यांच्या पातळीवरून काढलेला पाणपक्षी उभ्यानं काढलेल्यापेक्षा नेहमीच सुंदर दिसतो.

आणि पायवाट, खांदा बोलतोय असं तुम्ही लिहिलंय. मनापासून सांगते, तो आत्ताच ऐका. रात्री कुशीवर झोपताना कळ येते का, हात मागं वळवताना अडतो का, हे बघा. येत असेल तर लेन्स नंतर, दाखवून आधी या.

तालमीचा नाद
निशिगंध ताईंना पूर्ण पाठिंबा. कुस्तीलाही मोनोपॉडच.

खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलं ते खोलगट भांड्यासारखं. चहूबाजूंनी प्रेक्षक वर चढत गेलेले आणि आखाडा खाली मध्यभागी. आखाड्याजवळ बसायला मिळालं तर ७०-२०० एफ २.८ पुष्कळ झाली. ट्रायपॉड उघडला तर मागच्या माणसाची कुस्ती बुडाली, आणि कोल्हापुरात कुणाची कुस्ती बुडवू नये. मोनोपॉड मांड्यांच्या मध्ये धरून बसायचं.

डाव पडतो तो क्षणात पडतो. धरलेली पकड बराच वेळ तशीच असते, तेव्हा १/२५० ला काढून घ्या, चेहऱ्यावरचा ताण, मातीनं भरलेली पाठ. पण कलाजंग नाहीतर ढाक बसला की १/१००० शिवाय काही हाती लागत नाही. दिव्यांच्या उजेडात एक अडचण येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/१००० ला एक फ्रेम उजळ, पुढची काळवंडलेली येते. डी५०० मध्ये फ्लिकर रिडक्शन आहे, ते चालू करा.

खंड्या
कृष्णधवल काका, अंशांचं गणित आवडलं. पण माझं म्हणणं थोडं पुढं नेतो. ट्रायपॉडचा तोटा वजनापेक्षा जागा बांधून टाकण्यात आहे. एकदा पाय रोवले की माणूस तिथून हलायला तयार नसतो. पक्षी दोन पावलं बाजूला, पार्श्वभूमीत मोकळं पाणी मिळालं असतं, तरी तो विजेच्या तारेसकट काढतो. हातात असेल तर मी आपसूक वाकतो, सरकतो, झोपतो. राधानगरीच्या झाडीत धनेश उंबराच्या शेंड्यावर येतो. पानांमधल्या एकाच फटीतून दिसतो. ती फट शोधायला मोकळं अंग लागतं.

कृष्णधवल
मान्य, ती फट हातात घेऊनच शोधायची. पण सापडल्यावर धनेश फळं खात तिथंच बराच वेळ बसतो ना? मग आधार द्या. झाडाचं खोडही चालतं. लेन्स खोडाला टेकवू नका, डाव्या हाताची मूठ खोडाला टेकवा आणि लेन्स मुठीवर ठेवा.

मी शिकायला येणाऱ्या मुलांना एकच विचारतो, इथं हलतंय काय? तुझा हात हलतोय तर आधार घे. समोरचा जीव हलतोय तर शटर वाढव, आधारानं काही होणार नाही. आणि पायाखालची जमीन हलत असेल तर ट्रायपॉड उलट नडतो. कार्तिक पौर्णिमेला पहाटे पंचगंगेच्या घाटावर दिवे लागतात, तेव्हा पुलावरून घाट फार छान दिसतो म्हणून लोक तिथं ट्रायपॉड लावतात. पुलावरून जड वाहन गेलं की पूल थरथरतो आणि ती थरथर पायांतून सरळ कॅमेऱ्यात चढते. दोन वाहनांच्या मधला शांत काळ धरा, नाहीतर खाली घाटाच्या कडेला जा. तिथंही दिवे लावणाऱ्यांना आधी वाट द्यायची, ट्रायपॉडला नंतर.

अळवावरचं पाणी
मी नवखी आहे, विचारू का? खिद्रापूरला जायचं आहे. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ट्रायपॉड लावू देतात का? कार्तिक पौर्णिमेचा चंद्र वरच्या गोल झरोक्यातून काढायचा आहे.

कृष्णधवल
ते मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा ठिकाणी साधा फोटो काढायला हरकत नसते, पण ट्रायपॉड लावायला आधी परवानगी घ्यावी लागते. अर्ज वेळेत करा, आदल्या दिवशी धावपळ नको. त्या रात्री गर्दीही मोठी असते.

फोटोबद्दल: ४८ खांबांचा मंडप, वर १३ फुटांचा गोल झरोका. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास माथ्यावर येतो. पूर्ण चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड, त्याला एफ ८, आयएसओ १०० ला १/१२५ ते १/२५० पुरतं. खांब मात्र अंधारात, त्यांना अनेक सेकंद लागतात. एका फोटोत दोन्ही येणार नाही. एक फ्रेम चंद्रासाठी, एक खांबांसाठी, आणि नंतर दोन्ही एकत्र. त्यासाठी कॅमेरा तसूभर हलता कामा नये. परवानगी नसेल तर कॅमेरा फरशीवर पाठीवर झोपवा, लेन्स आकाशाकडं, बाजूला रुमालाची घडी लावून पक्का करा आणि टायमर. वाइड लेन्सला हे उत्तम जमतं, आणि खालून वर बघितल्यावरच तो मंडप खरा कळतो.

दाजीपूरकर
ट्रायपॉडशिवाय जमतच नाही अशी एक गोष्ट आमच्याकडं आहे, काजवे. मे अखेर ते पावसाच्या तोंडाला राधानगरी परिसरात झाडंच्या झाडं लुकलुकतात. ते एका फ्रेमचं काम नाही. ३०-३० सेकंदांच्या पुष्कळ फ्रेम लागोपाठ घ्यायच्या, एफ १.८ ते २.८, आयएसओ १६०० ते ३२००, आणि नंतर एकावर एक चढवायच्या. मध्येच स्टँडला धक्का लागला की झाडं जुळत नाहीत, सगळी रात्र वाया. उजेड असतानाच जागा ठरवून, फोकस लावून, रिंगवर टेप मारून ठेवा.

इथं कळकळीनं सांगतो, टॉर्च लावू नका, गाडीचे दिवे त्यांच्यावर सोडू नका, मोबाइलची स्क्रीनसुद्धा झाका. काजव्याचं चमकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक असते. आपला उजेड पडला की ती हाक पोचत नाही, आणि त्यांना या कामासाठी मिळतात थोडेच दिवस. गवतात आणि ओल्या पाल्यात माद्या असतात, तिथं ट्रायपॉडचे पाय रोवू नका, वाटेवरूनच काढा.

तांबडा पांढरा
पैशाच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही. माझं मत: दोन्ही घेऊ नका. ५०० पीएफ हलकी आहे, कबूल, पण ती फिक्स आहे, झूम होत नाही. दाजीपुरात गवा गाडीच्या जवळ आला की ५०० मध्ये नुसतं तोंड येईल. तुमच्या लेन्सवर २०० ला येता येतं. ती सोडू नका.

खंड्या
इथं माझं मत वेगळं. पक्षी हाच मुख्य नाद असेल तर ८४० ग्रॅम कमी होणं ही मोठी गोष्ट आहे. सकाळभर फिरून शेवटच्या तासाला हातात दम उरतो. गव्याला दुसरी लेन्स चालते. पण ताई दोन्ही तेवढ्याच आवडीनं काढतात असं दिसतंय, तेव्हा निर्णय त्यांचा.

कृष्णधवल
कार्बन फायबरबद्दल गैरसमज नको. तो हलका असतो आणि कंप लवकर जिरवतो, हे खरं. पण हलका आहे म्हणून वाऱ्यात जास्त जपावं लागतं, आणि तुमच्या एकूण ओझ्यातून साधारण अर्धा-पाऊण किलोच जाईल. अ‍ॅल्युमिनियमचा चांगला जाड पायांचा असेल तर त्याची सांधी उघडा, पुसा, नवीन रबरी बूट घाला, तो अजून पुष्कळ वर्षं चालेल. आधी जिंबल नीट तोला. कुलूप सैल सोडून लेन्स कुठल्याही कोनात ठेवली तर ती तिथंच थांबली पाहिजे. पुढं झुकत असेल तर मागं सरकवा. लांब प्लेट लावली की सरकवायला जागा मिळते.

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

लेन्स ठेवते. कार्बन ट्रायपॉड आत्ता नाही. टिल्ट हेडसह मोनोपॉड आणि बीन बॅग घेते, उरलेले पैसे बाजूला. जड ट्रायपॉड गाडीतच राहील, पन्हाळ्याच्या पहाटेला आणि काजव्यांना. रंकाळा-कळंब्याला मोनोपॉड, आणि घार वर आली की कॉलरचा स्क्रू सोडून हातात. जोतिबाला फक्त ३५, कव्हर लावून. आणि निशिगंध ताई, रात्री कळ येते. या आठवड्यात दाखवून येते.

दाजीपूरकर दादा, बीन बॅग रिकामीच मिळते ना? त्यात भरायचं काय?

दाजीपूरकर
रिकामीच घ्या. मी ज्वारी भरतो. दाणा गोल आणि कडक, लेन्स छान रुतते आणि निसटत नाही. तांदूळही चालतो, पण जरा घसरतो. वाळू नको, बारीक कण शिवणीतून निघून लेन्सच्या रिंगमध्ये जातात. थर्मोकोलचे मणीही नकोत, तीन किलोंखाली ते चेपून जातात. पाऊण भरा, गच्च भरली तर लेन्स वरून गडगडते. दाणे आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून मग बॅगेत घाला, आणि घरी आल्यावर काढून डब्यात ठेवा. आमच्याकडच्या दमट हवेत बॅगेतच राहिले तर पोरकिडे होतात.

निशिगंध
टिल्ट हेड घेताना लेन्सच्या पायाखाली जी प्लेट आहे तिच्याशी जुळतंय का ते दुकानातच लावून बघा. जिंबलवरची प्लेट तीच मोनोपॉडवर बसली तर रानात स्क्रू शोधत बसावं लागत नाही. आणि डॉक्टरांकडं जाऊन आलात की इथं कळवा.